मायक्रोग्रीन्सचं किट: चार महिने वापरून लिहितेय

घरातल्या घरात ट्रेमध्ये कोवळी हिरवी रोपं उगवून खायचं हे किट घरात येऊन चार महिने झाले. पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर रागाच्या भरात एकच स्टार दिला असता, दीड महिन्याने लिहिलं असतं तर पाच दिले असते. आता सतरा-अठरा ट्रे काढून झाल्यावर साडेतीन देतेय आणि का ते सविस्तर सांगते, कारण किट घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात सगळ्यांनी खोका उघडतानाचे फोटो टाकलेले, पीक हातात आलं का नाही ते कोणीच लिहिलं नव्हतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हेच सामान वेगवेगळ्या नावांनी मिळतं आणि मला जे सांगायचंय ते जवळजवळ सगळ्याच किटांना लागू पडतं.

खोक्यात काय आलं ते आधी सांगते. 10 बाय 10 इंचाचे चार काळे ट्रे, त्यातले दोन भोकांचे आणि दोन बिनभोकांचे, दोन उंच पारदर्शक झाकणं, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) सहा वड्या, एक स्प्रे बाटली, बियांची सहा पाकिटं (मुळा, मोहरी, ब्रोकोली, लाल राजगिरा, सूर्यफूल, मटार) आणि एक पानी माहितीपत्रक.

ट्रे खरंच मस्त आहेत, साडेतीनातले दोन स्टार तर त्यांचेच. प्लास्टिक जाड आहे, पाण्याने भरलेला ट्रे एका हाताने उचलला तरी मधे वाकत नाही, आणि भोकं तळाला सगळीकडे सारखी पाडलीत त्यामुळे कोपरे कोरडे राहत नाहीत. भोकांचा ट्रे वर, बिनभोकांचा खाली, खालच्यात पाणी ओतायचं आणि वरचं कोकोपीट ते ओढून घेतं. चार महिन्यांत एकही तडकला नाही, दर वेळी साबणाने घासून उन्हात वाळवते तरी.

आता जे अगदी नवीन आहेत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मोड आलेलं कडधान्य आणि मायक्रोग्रीन्स हे एक नाही. मोड आपण अंधारात, ओलाव्यात आणतो आणि बी-मुळासकट खातो, मायक्रोग्रीन्स मात्र मातीत किंवा कोकोपीटमध्ये रुजवून उजेडात वाढवायची, पहिली दोन पानं नीट उघडून हिरवी झाली की देठाला कात्री लावून वरचं तेवढं घ्यायचं, मुळं आणि बी ट्रेमध्येच राहतं. मुळा, मोहरी, ब्रोकोली साधारण 7 ते 12 दिवसांत तयार होतात, सूर्यफूल आणि मटार 10 ते 14, राजगिरा सावकाश, माझ्याकडे तीन आठवडे लागले.

तर माहितीपत्रकात लिहिलंय की बिया पसरा, दिवसातून तीनदा स्प्रे करा आणि काढणीपर्यंत झाकण लावून ठेवा. मी शब्दशः तसंच केलं. मुळा दुसऱ्याच दिवशी फुटला, घरात सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळ्या ट्रेवर पांढरी लव. बुरशी आली म्हणून मी अख्खा ट्रे कचऱ्यात रिकामा केला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ती बुरशी नव्हतीच, ती मुळांची केसं होती, कोवळ्या मुळ्याच्या मुळांना ती इतकी दाट येतात की लांबून कापूस वाटतो. चांगला, निरोगी ट्रे होता तो, अजून हळहळ वाटते. मग दुसऱ्या वेळी मोहरीवर पांढरं दिसलं तर मी निर्धास्त राहिले, म्हटलं मुळांची केसं आहेत, आणि ती खरी बुरशी निघाली. तीन दिवसांत ट्रेच्या मधोमध टक्कल पडलं, देठ तळाशी पाणचट तपकिरी होऊन रोपं एकामागून एक आडवी झाली.

हा फरक माहितीपत्रकात चार ओळींत सांगता आला असता, त्यांनी नाही सांगितला म्हणून इथे मी सांगते. मुळांची केसं प्रत्येक मुळाभोवती वेगवेगळी असतात, सगळ्या ट्रेभर सारखी दिसतात, आणि त्यांच्यावर पाण्याचा एक फवारा मारला की लगेच मुळाला चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी असते, एका देठावरून दुसऱ्या देठावर, मातीवरून बियांवर अशी पसरत जाते, बहुतेक वेळा एका ठिकाणी सुरू होऊन वाढते, फवाऱ्याने जात नाही, आणि नाक जवळ नेलं तर कुबट वास येतो. वास ही सगळ्यात पक्की खूण आहे, आता मी सकाळी आधी वास घेते मग बघते. देठ तळाशी कुजून रोप पडतं तो मर रोग, त्यामागे पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीत-पाण्यात राहणाऱ्या बुरश्या किंवा बुरशीसारखे जीव असतात आणि त्यांना हवं असतं ते म्हणजे दाटीवाटी, कोंदट हवा आणि सतत ओलं.

आणि ह्या तिन्ही गोष्टी हे किट तुम्हाला आपणहून करून देतं, माझा खरा राग तो आहे. ते झाकण बघा. उंच, छान पारदर्शक, फोटोत फार सुंदर दिसतं, पण त्याला हवेसाठी एकही भोक नाही. आतून वाफ धरते, थेंब टपकतात, पानं सतत ओली. बी रुजेपर्यंत ओलावा कोंडून ठेवणं ठीक आहे, तेवढे दोन-तीन दिवस, पण एकदा कोंब वर आला की त्याला वारा हवा. मी तिसऱ्या ट्रेपासून झाकण वापरणं बंद केलं, शेजारी छोटा पंखा अगदी मंद ठेवला, थेट रोपांवर नाही तर भिंतीकडे तोंड करून, आणि बुरशीचा प्रश्न जवळजवळ संपला. नंतरच्या पंधरा ट्रेमध्ये एकदाच आली, ती सुद्धा मी सूर्यफूल फार दाट टाकलं होतं तेव्हा.

पाण्याचंही तसंच. दिवसातून तीनदा स्प्रे करा ह्या सल्ल्यानेच बरेच ट्रे मरत असतील. स्प्रे फक्त पेरल्यावर आणि रुजेपर्यंत. कोंब वर आले की वरून पाणी बंद, खालच्या ट्रेमध्ये घालायचं, वीस मिनिटांनी जे उरेल ते ओतून टाकायचं. किती घालायचं हे मला आता हाताला कळतं. ट्रे उचलून बघायचा, हलका लागला तर पाणी, जड लागला तर राहू दे. सुरुवातीला मी वहीत लिहून ठेवायचे, ह्या आकाराच्या ट्रेला रोज साधारण एक पेला पाणी पुरलं, मटाराला शेवटच्या दिवसांत दोन. एकदा मी दोन दिवस बाहेर होते, परत आले तर मटाराने पूर्ण मान टाकलेली, वाटलं गेला, खाली पाणी घातलं आणि दोन तासांत तरारून उभा राहिला. कमी पाण्याने पडलेलं रोप लवकर लक्षात आलं तर बऱ्याचदा परत उठतं, जास्त पाण्याने कुजलेलं उठत नाही. त्यामुळे शंका आली तर मी घालतच नाही.

अंधार आणि वजन ह्याबद्दल पत्रकात अक्षरही नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो. बिया पसरून ओल्या केल्या की त्यावर दुसरा रिकामा ट्रे सरळ ठेवायचा, थेट बियांवर, आणि त्यात वजन. मी जाड पुस्तकं पिशवीत घालून ठेवते, छोट्या बियांना एक-दीड किलो, सूर्यफूल आणि मटाराला तीनेक किलो. पहिल्यांदा करताना भीती वाटली की कोंब चिरडतील, पण उलटं होतं, बी जमिनीत असतं तेव्हा वर मातीचा भार असतोच ना, तसंच. भार असला की मुळं वर उचलली न जाता खाली कोकोपीटमध्ये घुसतात, देठ जाड होतो आणि सगळा ट्रे एका पातळीत उगवतो. तिसऱ्या दिवशी रोपंच वरचा ट्रे पुस्तकांसकट उचलून धरतात, ते दृश्य मला अजूनही दर वेळी बघावंसं वाटतं, एवढाल्या कोंबांत एवढी ताकद कुठून येते. मग वजन काढायचं, वरचा रिकामा ट्रे उलटा करून झाकणासारखा ठेवून आणखी एक-दोन दिवस अंधारात ठेवायचं म्हणजे देठ जरा लांब होतात आणि कापायला सोपे जातात, आणि मग उजेडात. पिवळट रोपं उजेडात आणली की काही तासांतच हिरवी व्हायला लागतात.

उजेडाबाबत पत्रक म्हणतं खिडकीत ठेवा. माझ्या खिडकीत उजेड एकाच बाजूने येतो, सगळी रोपं तिकडे झुकली, लांबुळकी, बारीक देठाची झाली आणि शेवटी लवंडली. मी साधी पांढरी एलईडी ट्यूब घेतली, 6500 केल्विनची म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी, खास झाडांची म्हणून विकतात ती जांभळी नव्हे, ट्रेपासून एक वीतभर वर टांगली आणि 14 तास टायमरवर. रोपं लगेच बुटकी, गच्च, गडद झाली. चांगली खिडकी असेल तर दिवा लागणार नाही, रोज ट्रे फिरवत राहा म्हणजे झालं.

कोकोपीटच्या वड्या ठीक आहेत. फक्त पहिली वडी मी भिजवली तेव्हा पाणी चहासारखं तपकिरी सुटलं आणि त्या ट्रेची वाढही रखडली. कोकोपीटमध्ये कधी कधी मिठाचा अंश राहिलेला असतो, म्हणून आता दोन-तीनदा धुऊन, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ यायला लागलं की मगच पिळून भरते. जाडी दीड-दोन इंच पुरे. खत घालायची गरज नाही, एवढ्या दिवसांत रोप मुख्यतः बीमधल्या साठ्यावरच वाढतं. आणि कापणी झाल्यावर तेच कोकोपीट परत वापरू नका, आत जुनी मुळं कुजत असतात आणि पुढचा ट्रे बुरशीच्या तोंडी जातो. मी ते कुंड्यांच्या कंपोस्टमध्ये टाकते.

आता पाकिटं. इथे मात्र नाराजी आहे. एक पाकीट एक ट्रे असं लिहिलंय पण सगळ्या पाकिटांचं वजन सारखंच, 20 ग्रॅम. ह्या आकाराच्या ट्रेला ब्रोकोली 8 ते 10 ग्रॅम खूप होते, मुळा 12 ते 15, आणि सूर्यफूल लागतं 50 ते 60 ग्रॅम, मटार तर 100 च्या वर. म्हणजे ब्रोकोलीचं अख्खं पाकीट टाकलं तर इतकी दाटी होते की मधली रोपं गुदमरून कुजतात, आणि मटाराचं अख्खं टाकलं तर ट्रेमध्ये इकडे एक तिकडे एक. ज्याने कोणी हे पॅक केलं त्याने स्वतः एकदा तरी पेरून बघायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं, कारण पहिल्यांदा करणारा माणूस ह्यात आपलीच चूक शोधत बसतो.

सूर्यफुलाचं बी तर जुनं निघालं. अर्धा ट्रे उगवलाच नाही, मग मी उरलेल्या बियांतल्या 50 मोजून ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवल्या, चार दिवसांनी 27 फुटल्या होत्या. हा आकडा आणि फोटो कंपनीला पाठवला. त्यांनी वाद न घालता नवीन बी पाठवलं, ह्याचं श्रेय देते, आणि नवीन 50 पैकी 46 फुटलं. ही चाचणी कोणतंही बी मोठ्या प्रमाणात घेतल्यावर करा, काही खर्च नाही आणि दहा दिवस फुकट जात नाहीत.

किटातलं बी संपल्यावर मी सुटं घेतलं, 500 ग्रॅम मुळा, 500 ग्रॅम मटार असं, आणि ते पाकिटांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. फक्त तिथे एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची, शेतीसाठीच्या बियाण्याला बऱ्याचदा बुरशीनाशक लावलेलं असतं, गुलाबी, निळा, हिरवा असा रंग दिसतो. ते पेरायला असतं, खायला नाही, मायक्रोग्रीन्सला अजिबात वापरू नका. प्रक्रिया न केलेलं, खाण्यायोग्य किंवा मायक्रोग्रीन्ससाठीच असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. आणि हौसेने वाट्टेल ते पेरू नका. टोमॅटो, मिरची, वांगं, बटाटा ह्या कुळातली कोवळी रोपं खायची नसतात, त्यात विषारी अल्कलॉइड असतात. राजमासुद्धा नाही, त्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन कच्चं पोटात गेलं तर जबर उलट्या होतात. एका ओळखीच्यांनी घरातला राजमा पेरायचं ठरवलं होतं, वेळेत विचारलं म्हणून बरं. ही सूचना पत्रकात पहिल्या ओळीत असायला हवी होती, ती कुठेच नाही.

सहा पिकांचा माझा अनुभव सांगते. मुळा सगळ्यात विश्वासू, भिजवायला नको, सात-आठ दिवसांत तयार, तिखट आणि कुरकुरीत. नवीन माणसाने मुळ्यापासूनच सुरू करावं, पहिला ट्रे यशस्वी झाला की पुढचा उत्साह टिकतो. मोहरीही सोपी, पण जास्त दिवस ठेवली तर नाकात जाते इतकी झणझणीत होते. ब्रोकोलीची चव सौम्य, दिसायला सुरेख, घरात लहान मुलं असतील तर हीच आवडेल, मात्र ओलाव्याच्या बाबतीत भारी नाजूक.

सूर्यफुलाने मला सगळ्यात जास्त छळलं आणि आता सगळ्यात जास्त तेच आवडतं. आठ ते बारा तास भिजवायचं, वजन ठेवायचंच, आणि तरीही काळी टरफलं पानांना टोपीसारखी चिकटून राहतात. ती एकेक काढत बसले तर तास जातो. उपाय असा की अंधारातून बाहेर काढल्यावर संध्याकाळी वरून एकदाच हलका फवारा, टरफल मऊ पडतं, आणि सकाळी हाताचा तळवा रोपांवरून हळूच फिरवायचा, बरीचशी गळून पडतात. काढणीला उशीर मात्र करायचा नाही, पहिल्या दोन पानांच्या मधून खरी पानं डोकवायला लागली की सूर्यफूल कडवट होतं. वेळेत कापलेलं असेल तर दळदार, रसाळ, सुक्यामेव्यासारखी चव. मटार बारा तास भिजवायचा, गोडसर लागतो, आणि त्याचा फायदा म्हणजे अगदी खालच्या पेराच्या वर कापला तर तिथून परत फुटतो, दुसरी कापणी पहिलीपेक्षा कमी पण मिळते. मुळा-मोहरी एकदा कापली की संपली. लाल राजगिरा बघायला इतका देखणा की पाहुणे आधी त्याचाच फोटो काढतात, पण बी बारीक वाळूएवढं, वजन ठेवायचं नाही, थंडावा आवडत नाही, आणि तीन आठवडे धीर धरायचा. मी तो वर्षातून गरम दिवसांतच करेन.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलंय, 40 पट पोषण. ह्यावर मला थोडं थांबायचंय कारण माझे बाबा त्या एका ओळीवर भाळून हे रोज वाटीभर खायला निघाले होते. हा आकडा येतो तो अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठ आणि तिथल्या कृषी खात्याच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून. त्यांनी 25 प्रकारची मायक्रोग्रीन्स तपासली आणि काही जीवनसत्त्वं पूर्ण वाढलेल्या पानांपेक्षा खूप जास्त आढळली. पण सगळीकडे सारखी नाही. लाल कोबीत सी सगळ्यात जास्त निघालं, कोथिंबिरीत कॅरोटिनॉइड्स (पिवळी-केशरी रंगद्रव्यं), लाल राजगिऱ्यात के, हिरव्या मुळ्यात ई. 40 पट हे लाल कोबीतल्या ई जीवनसत्त्वाबद्दल सांगतात, सगळ्या पोषणाबद्दल नाही. शिवाय ही तुलना सारख्या वजनाची असते, आणि आपण एका वेळी मूठभर, 20-25 ग्रॅमच खातो. ब्रोकोलीचा बोलबाला आहे तो 1997 च्या अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधनामुळे, तीन दिवसांच्या मोडांमध्ये ग्लुकोराफॅनिन हे आरोग्याला चांगलं मानलं जाणारं द्रव्य मोठ्या ब्रोकोलीपेक्षा 10 ते 100 पट आढळलं होतं, पण ते मोडांचं आहे, दहा दिवसांच्या मायक्रोग्रीन्सवर तोच आकडा चिकटवणं बरोबर नाही. पौष्टिक आहेत ह्यात वाद नाही, ताजी आहेत, कापल्यापासून पाच मिनिटांत ताटात येतात, एवढं मला पुरेसं आहे. भाजी खाणं बंद करून ह्यावर राहू नका.

बाबांचं सांगते. त्यांना रक्त पातळ ठेवायची वॉरफेरिनची गोळी चालू आहे. के जीवनसत्त्व रक्त गोठवायला मदत करतं, म्हणजे ह्या गोळीच्या बरोबर उलट, आणि हिरवी पानं एकदम वाढवली तर गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. मला हे माहीत होतं म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बंद करा असं म्हटलं नाही, रोज सारख्याच प्रमाणात घ्या आणि रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी) चुकवू नका म्हणाले. आता बाबांसाठी रोज वजन करून तेवढंच देते, आणि राजगिरा त्यांच्या वाट्याला नाही. ज्यांच्या घरात कोणाला ही गोळी असेल त्यांनी खोका उघडायच्या आधी डॉक्टरांशी बोला, प्लीज.

स्वच्छतेचंही तसंच. मोडांमुळे आजार पसरल्याची उदाहरणं आहेत, 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय ह्या जिवाणूची जी मोठी साथ आली, पन्नासहून जास्त माणसं गेली, ती तपासात मेथीच्या मोडांपर्यंत जाऊन पोचली होती. उबदार, ओल्या, बंद जागेत बीवरचे जंतू झपाट्याने वाढतात. मायक्रोग्रीन्समध्ये बी आणि मूळ आपण खात नाही, हवा खेळती असते, त्यामुळे धोका कमी, पण शून्य नाही. मी पिण्याचं पाणी वापरते, ट्रे दर वेळी धुते, कात्री उकळत्या पाण्यातून काढते, बिया मोठ्या असतील तर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पाच-दहा मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्याने धुऊन मग भिजवते. गरोदर बाई, फार म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल तर त्यांच्यासाठी शिजवून, सूपमध्ये वगैरे घालून द्या.

कापायच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद. कोरडी पानं टिकतात, ओली दुसऱ्या दिवशी काळी पडतात. धारदार कात्रीने कोकोपीटच्या बोटभर वर कापायचं म्हणजे माती येत नाही, धुवायचं ते खातानाच. डब्यात तळाशी कोरडा टिश्यू पेपर घालून फ्रिजमध्ये माझा मुळा सहा दिवस, मटार आठवडाभर कडक राहिला. पण खरं सांगायचं तर साठवून ठेवायची वेळच येत नाही, मी आता दर चार दिवसांनी एक ट्रे पेरते, दोन अंधारात दोन उजेडात, त्यामुळे एक संपेपर्यंत दुसरा तयार असतो. किटातली स्प्रे बाटली दुसऱ्या महिन्यात गळायला लागली, तिच्याबद्दल एवढंच.

कंपनीला मी सविस्तर मेल लिहिली, पत्रकात बुरशी आणि मुळांच्या केसांचा फरक घाला, पाकिटांची वजनं बदला, कुठलं बी खायचं नाही ते लिहा. कळवतो म्हणाले, दोन महिने झाले. सुधारलं तर इथे येऊन अर्धा स्टार वाढवेन.

बिनकामाची ती झाकणं मात्र आता धण्यांसाठी लागतात. धणा म्हणजे खरं तर दोन बिया जोडलेलं फळ, ते आधी हलकेच रगडून दोन भाग करायचे, रात्रभर भिजवायचे, आणि रुजायला ते आठ-दहा दिवस घेतात, तेवढे दिवस वरचा थर सुकू देऊन चालत नाही. झाकणाला मी तापवलेल्या सुईने प्रत्येकी दहा-बारा भोकं पाडलीत, रोज सकाळी उचलून आतले थेंब पुसते, आणि पहिला कोंब वर आला त्याच दिवशी काढून ठेवते.